रंभाबाईंचा आवाज मागे कोणी टाकला

माझ्या सासूबाई, रंभाबाई, कुठल्याही गोष्टीवर पहिल्या बोलण्यात विश्वास ठेवत नाहीत. अड्याळच्या बाजारात त्या वांगी घ्यायला बसल्या की विकणारी बाई आधीच म्हणते, "घ्या वो बाई, तुमच्याच हातानं निवडा." कारण दुसऱ्याने निवडून दिलेलं वांगं त्या घरी आणून सगळ्यांदेखत चिरतात आणि त्यात अळी निघाली नाही तर जरा नाराजच होतात. तांदळाचा कट्टा आला की वरच्या तांदळावर विसंबत नाहीत, हात कोपरापर्यंत आत घालून तळाचा काढतात. माझ्या लग्नाच्या बोलणीला आल्या तेव्हा पाणी प्यायच्या निमित्ताने थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि झाकण उचलून भाजी बघून गेल्या. पुढे एकदा मी त्यांना याचं कारण विचारलं. म्हणाल्या, "पाहुण्यापुढची भाजी सगळेच चांगली करतेत. मले घरची पाहाची होती."

फोनवर तर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. दुपारी आडव्या होताना माझा फोन त्या दुसऱ्या खोलीत ठेवायला लावत. "तो आयकून रायते," त्या म्हणत. "आपण बांगड्यायचं बोललो का त्याच्यात बांगड्या दिसतेत. म्या पायलं हाय." याबाबतीत त्यांना खोटं ठरवणं मला आजवर जमलेलं नाही.

अशा बाईंचा आवाज एक दिवस त्याच फोनमध्ये आला. आणि आला तो अशा तऱ्हेने, की त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरात धड बोलणं उरलं नाही.

रंभाबाई गातात. नाटकात नाही, स्टेजवरही नाही. त्या रोवण्याची गाणी म्हणतात. धानाचा रोवणा चालू असतो, बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पोटरीपर्यंत पाणी असतं, बायका ओळीने वाकून रोपं चिखलात खोचत मागे सरकत असतात, तेव्हा एकीने ओळ टाकायची आणि दुसरीने झेलायची. ओळ टाकायची मालनबाईंनी आणि झेलायची रंभाबाईंनी. दोघी एकाच गावच्या लेकी. लग्न होऊन एक अड्याळला आली, दुसरी पवनीला गेली, तरी रोवण्याच्या दिवसांत मोठ्या शेतांवर दोघींना मुद्दाम बोलावून नेत. मालनबाईंचा आवाज उंच आणि पातळ, शेताच्या लांबच्या धुऱ्यावरून हाक मारल्यासारखा. रंभाबाईंचा खालचा, भरीव. मालनबाईंची ओळ संपता संपता रंभाबाई खालून आवाज लावत, आणि सांधा कुठे बसला ते कळत नसे.

माझे यजमान प्रविण लहान होते तेव्हा नागपूरच्या एका कॅसेटवाल्याने दोघींना नेऊन ही गाणी भरून घेतली. तिथली हकीकत सासूबाई अजून सांगतात. "एकच माइक होता. आमाले समोरासमोर उभं केलं, मधात माइक. मालनच्या तोंडातल्या पानाचा वास मले येत होता." कॅसेट निघाली, गावोगावच्या लग्नांत वाजली. पण तिच्या कव्हरवर एकट्या मालनबाईंचा फोटो होता आणि खाली छापलं होतं, 'मालनबाई आणि सहकारी'.

हा 'सहकारी' शब्द सासूबाईंच्या मनात काट्यासारखा मोडून बसला. मालनबाईंना त्यांनी कधी विचारलं नाही. जाणं-येणं राहिलं, एकमेकींच्या घरची लग्नं, बारशी, सगळं झालं. पण कोणी "मालनबाई कशा आहेत?" असं विचारलं की सासूबाई म्हणत, "चांगली हाय. तिले काय झालं?"

मागच्या उन्हाळ्यात मालनबाईंच्या मुलाचा, अनुपचा, फोन आला. त्याचं पवनीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मुंबईची एक कंपनी जुनी लोकगीतं गोळा करून गाण्यांच्या ॲपवर टाकत होती. अनुपने कॅसेटवाल्याच्या मुलाकडून मूळ टेप मिळवली होती आणि कंपनीला दिली होती. सासूबाईंची परवानगीही रीतसर घेतली होती. तो कागद त्यांनी सही करण्याआधी माझ्याकडून वाचून घेतला आणि मग पुन्हा शेजारच्या मास्तरांकडून, मी काही गाळलं का ते बघायला.

"मावशी, गाणे आले!" अनुप फोनवर ओरडत होता. "दोघींचंबी नाव हाय. अन् साधे नाई, स्पेशिअल ऑडिओमधे हायेत."

सासूबाईंनी फोन छातीशी धरून मला विचारलं, "पेशल म्हणते का? पेशल चाय असते तसं?"

मी सांगितलं की पेशल नाही, स्पेशिअल, 'स्पेस'वरून आलेला शब्द. म्हणजे गाणं चारी बाजूंनी येतं. गाणारी समोर असल्यासारखी वाटते, ढोलकी एका अंगाला, झांज वरून कुठून तरी. आपण गाण्याच्या मधोमध बसलो आहोत असं वाटतं.

"वरून झांज कायले?" त्या म्हणाल्या. "झांज वाजवणारा का झाडावर बसला होता?"

प्रविण वरठीच्या कारखान्यात जातात. जाता-येता मोटारसायकलवर गाणी ऐकत नाहीत एवढी शिस्त त्यांना आहे, पण घरी ऐकायला त्यांनी चांगले, दोन्ही कान झाकणारे हेडफोन घेतले होते. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी ते आईच्या डोक्यावर बसवले, पदर नीट केला आणि पहिलं गाणं लावलं.

ते गाणं मला पाठ आहे. मालनबाई टाकतात, "बांधीत भरलं पाणी, पाण्यात आभाळ." आणि सासूबाई झेलतात, "आभाळात वाकून बाई, रोवते मी साळ."

सासूबाईंनी डोळे मिटले. पहिली ओळ झाली तशी त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. दुसरी ओळ म्हणायला ओठ हलले आणि मधेच थांबले. त्यांनी डोळे उघडले आणि मान वळवून मागे पाहिलं. मागे भिंत होती.

"मी कुठं हाय वो?" त्या म्हणाल्या.

कान झाकलेले असल्याने त्या जरा मोठ्यानेच बोलल्या. मी हेडफोन काढून माझ्या कानाला लावले. मालनबाई अगदी कपाळाशी येऊन गात होत्या. ढोलकी कानशिलावर वाजत होती. आणि सासूबाईंची ओळ आली तेव्हा ती माझ्या मागून, शेजारच्यांच्या न्हाणीघरातून कोणी गुणगुणावं तशी आली. शब्द कळत नव्हते, नुसता घुमारा. सांधा तर कुठे नव्हताच. एक बाई गात होती आणि दुसरी बाई फार लांब काहीतरी काम करत होती.

दुसरं गाणं लावलं. तेही तसंच. मग त्यांनी हेडफोन खाटेवर ठेवले आणि पुढचं ऐकायला साफ नकार दिला.

त्यांचा पहिला संशय हेडफोनवर गेला. डावा कान उजवीकडे करून बघितला, आवाज मागचा मागेच. मग संशय प्रविणवर. "तू कायतरी दाबलं." प्रविणनी ॲपमधली ती सोय बंद करून दाखवली. मागचा आवाज पुढे आला खरा, पण तेवढाच बारीक राहिला. मग त्यांनी दुसरी गाणी मागितली. हिंदी सिनेमातली, अभंग, काय सापडेल ते. प्रविण एकेक लावत गेले आणि सासूबाई बाजारात वांगी निवडतात तशा निवडत गेल्या. काही गाणी खरंच अशी होती, की ऐकताना अंगावर काटा यावा. सारंगी डाव्या हाताशी, गाणारा समोर, मागे कुठेतरी बासरी. आणि त्यांच्याच शेजारची काही अशी, की मांडवाच्या बाहेर चपला सांभाळत उभं राहून ऐकल्यासारखी. गाणाऱ्याचा आवाज पोकळ, तबला हरवलेला. दोन्हींवर शिक्का एकच, स्पेशिअल ऑडिओ.

"हे चांगलं हाय," सासूबाई म्हणत. "हे सडकं." मग म्हणाल्या, "मंग माहंच सडकं काहून निघालं?"

प्रविणकडे जुन्या कॅसेटवरून मेमरी कार्डात भरून घेतलेली गाणी होती. खरखर भरपूर, पण त्यात दोघी होत्या, एकीला लागून एक. सासूबाईंनी ते ऐकलं आणि फोन माझ्याकडे सरकवला.

"पाय. हाय ना मी? म्हणजे टेपमधे हाय. मंग आता कोणं काढलं?" उत्तराची वाट न बघता त्याच म्हणाल्या, "टेप कोणाच्या पोरानं नेली? तेव्हा नाव काढलं, आता आवाज काढला."

मी म्हटलं, "आई, मालनमावशी असं कशाला करतील?"

"कॅसेटवर केलं तेव्हाबी सगळे असंच म्हणत होते."

त्यानंतर मालनबाईंचे फोन आले ते सासूबाईंनी घेतले नाहीत. "सांग, न्हाणीत हाय." "सांग, बाजारात गेली." दिवसातून तीनदा न्हाणारी आणि रोज बाजारात जाणारी बाई अड्याळमध्ये दुसरी नसेल. मग मालनबाईंचे फोनही यायचे थांबले. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असेल. सासूबाईंना तो पुरावा वाटला. "आता तिले समजलं का मले समजलं," त्या म्हणाल्या.

त्या जेवायच्या कमी झाल्या. चुलीपाशी काम करताना ओळ पुटपुटायच्या ती सवय गेली. एकदा मी मागच्या अंगणात आले तेव्हा त्या हौदाच्या तोंडाशी वाकून आपलीच ओळ म्हणत होत्या आणि आवाज कसा परत येतो ते ऐकत होत्या. मला बघून म्हणाल्या, "माहा आवाज बारीक झाला का वो? खरं सांगजो." मी खरं सांगितलं, की नाही झाला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या कट्ट्यातल्या वरच्या तांदळाकडे बघतात.

शेवटी एका सकाळी त्यांनी चांगलं लुगडं नेसलं आणि मला म्हणाल्या, "चाल, पवनीले जाऊ. फोनमधे माणूस खोटं बोलू शकते. तोंडासमोर बोलू दे." एसटीत खिडकीशी बसून त्यांनी मला सूचना दिल्या. मी मधे बोलायचं नाही. मालन रडली तर पाघळायचं नाही. "अन् तिथं चाय घेजो नको."

मालनबाईंचं घर पवनीच्या जुन्या भागात आहे, बाजारापासून थोडं आत. आम्ही गेलो तेव्हा त्या ओसरीवर सुपात लाखोळीची डाळ निवडत होत्या. आम्हाला बघून उठल्या, पण हसल्या नाहीत. "या," म्हणाल्या आणि उगाच रस्त्याकडे पाहिलं. सासूबाईंनी माझ्या दंडाला कोपर लावलं. पायलं का, नजर चोरून रायली, असा त्याचा अर्थ.

बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "मालन, तुह्या पोरानं माहा आवाज काहून काढला?"

मालनबाईंनी सूप खाली ठेवलं. "तुहा काढला?" त्या हळू म्हणाल्या. "अन् माह्या नावावर जो टाकला, तो कोणाचा हाय?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला बोलायची बंदी होती.

"ते बाई मी नोहे, रंभा," मालनबाई म्हणाल्या. "पहिले वाटलं, मलेच नीट आयकू येत नसन. मंग कान लावून आयकलं. ते बाई श्वासच नाई घेत. मी ओळ टाकल्यावर श्वास घेते का नाई? तू तेवढ्यात आवाज लावते. तो श्वासच नाई तिथं. पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी बोलते. दुसरं गाणंबी तसंच. तिसरं लावाची माही हिंमत नाई झाली."

"मंग पोराले इचारलं नाई?"

"कसं इचारू?" मालनबाईंनी आवाज आणखी खाली आणला. "आता फोनमधे कोणाचाबी आवाज तयार करतेत म्हणे. त्याच्याच दुकानात पोट्टे बोलत होते. मले वाटलं, माह्या पोरानं माह्या जागी मशीनची बाई बसवली. म्हाताऱ्या आवाजाले कोण आयकते म्हणून. अन् त्यानं हो म्हटलं असतं, तं मी काय केलं असतं?"

इतके दिवस आमच्या घरी जे चालू होतं, तेच या ओसरीवरही चालू होतं. फक्त इथे संशय पोटच्या पोराचा होता. मला मालनबाईंची दया आली. सासूबाईंना आली असावी, पण त्यांनी ती दाखवली नाही.

"तू तं आता असं म्हणशीनच," त्या म्हणाल्या. "कॅसेटच्या वेळेस काय झालं होतं? कव्हरवर काय छापलं होतं? मालनबाई आणि सहकारी. मी सहकारी होती का तुही?"

"काय छापलं होतं?" मालनबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी पुन्हा सांगितलं. शब्द सुटा सुटा करून, इतकी वर्षं तोंडात धरलेला खडा बाहेर काढावा तसा.

मालनबाई खाली बसल्या. "मले तेव्हा वाचता कुठं येत होतं, रंभा? तू चौथीपर्यंत गेली, मी शाळेचं दारबी पायलं नाई. म्या अनुपच्या बाबाले इचारलं, काय लिवलं हाय. त्यायनं वाचून सांगतलं, दोघींचंबी नाव हाय. मी खुश झाली. मंग साक्षरता वर्गात अक्षरं शिकली, तोवर कॅसेट कोणतरी मागून नेली होती."

"त्याले तं वाचता येत होतं."

"येत होतं."

अनुपचे बाबा वारून बरीच वर्षं झाली होती. त्यांनी वाद नको म्हणून तसं सांगितलं, की बायकोचा एकटीचा फोटो बघून त्यांना बरं वाटलं होतं, हे आता कोणाला विचारणार? सासूबाईंच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं, की त्या हा नवा संशय हातात घेऊन उलटसुलट करून बघत आहेत आणि तो कुठे ठेवावा ते त्यांना कळत नाही.

मालनबाईंच्या सुनेने चहा आणला. सासूबाईंनी माझ्याकडे न पाहता कप उचलला. मीही उचलला.

मग मालनबाईंनी अनुपला दुकानातून बोलावून घेतलं. तो हसत आला आणि दोघींचे चेहरे बघून उंबऱ्यातच थांबला.

"ते बाई कोण हाय?" त्याच्या आईने विचारलं.

"मले मागं कोणं टाकलं?" सासूबाईंनी विचारलं.

बिचाऱ्याला काही कळेना. कळलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं. "आई, म्या काईच केलं नाई. म्या नुसती टेप देल्ली. गाणे आले म्हणून मेसेज आला, मी तुमाले सांगतलं."

"तू आयकले?"

"पहिलं लावलं होतं, दुकानात, फोनच्या स्पीकरवर. गिऱ्हाईक होते." मग खाली बघत म्हणाला, "पुरं नाई आयकलं."

"आपल्या मायचं गाणं," सासूबाई म्हणाल्या. अनुपने लगेच खिशातून फोन काढला आणि कंपनीला लावला.

कंपनीत हे काम बघणाऱ्या बाईंचं नाव टीना. आवाजावरून तरुण वाटल्या, बोलायला चांगल्या. अनुपने फोन ओसरीच्या कठड्यावर मोठ्या आवाजात ठेवला आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती बसलो.

टीनाताई म्हणाल्या की टेपवर दोघींचे आवाज आणि वाद्यं एकत्र मिसळलेली होती. ती वेगळी केल्याशिवाय चारी बाजूंना मांडता येत नाहीत. ते वेगळं करायचं काम संगणक करतो. "जुनी शेकडो गाणी एकदम टाकायची होती, मावशी. त्यामुळे एकगठ्ठा मशीनमधून काढली. मशीनने उंच आवाज मुख्य धरला असेल. खालचा आवाज तिला साथीचा वाटला असेल, म्हणून मागे गेला. आणि मुख्य आवाज साफ करताना कधी कधी श्वास वगैरे निघून जातात. मुद्दाम कोणी केलेलं नाही."

"साथीचा," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे सहकारी."

टीनाताईंना ते समजलं नाही. त्या पुढे म्हणाल्या, "पण तुमचं तिसरं गाणं ऐकलंत का? ते फार सुंदर झालंय. ते आमच्या साऊंड इंजिनिअरने हाताने केलंय. नमुना म्हणून एक गाणं दाखवायचं होतं."

तिसरं गाणं दोघींनीही ऐकलेलं नव्हतं. एक रागाने थांबली होती, दुसरी भीतीने. अनुपने फोन ठेवला आणि तो दुकानातून हेडफोन घेऊन आला. आधी मालनबाईंनी ऐकलं. ऐकताना त्यांनी एकदा छातीवर हात ठेवला आणि मान हलवली, हो, ही मी. मग हेडफोन सासूबाईंच्या डोक्यावर आले.

मी त्यांच्याकडेच बघत होते. या वेळी त्यांनी मागे पाहिलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी डावा हात उचलून हवेत धरला आणि म्हणाल्या, "मी इथं हाय." मग समोर बसलेल्या मालनबाईंकडे उजवा हात केला. "अन् तू इथं. मधात पाणी असल्यासारखं वाटते." गाणं संपल्यावर मी ऐकलं. खरोखरच दोघी हातभर अंतरावर उभ्या होत्या. मालनबाईंचा श्वास होता. त्या श्वासातच सासूबाईंचा आवाज उठत होता. ढोलकी थोडी दूर, बांधाच्या पलीकडे. मेमरी कार्डातल्या खरखरीपेक्षा कितीतरी स्वच्छ, आणि सासूबाईंच्या तरुणपणचा आवाज मी पहिल्यांदाच इतका जवळून ऐकला.

मला वाटलं, आता सगळं मिटलं. पण सासूबाईंनी अनुपला टीनाताईंना पुन्हा फोन लावायला सांगितलं आणि त्या फोनकडे वाकल्या.

"बाई, हे एवढं चांगलं काहून केलं?"

टीनाताई हसल्या. "म्हणजे काय, मावशी? चांगलंच करायचं असतं."

"मंग बाकीचे तसे काहून नाई केले?"

"वेळ लागतो हो. एकेका गाण्याला दिवस जातात."

"बरं. सोडाच्या आधी बाकीचे गाणे कोणं आयकले?"

टीनाताई म्हणाल्या, "सगळी ऐकणं शक्य नसतं, मावशी. मशीनची तपासणी असते."

"म्हणजे कोणंच नाई," सासूबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांचा आवाज उलट शांत झाला होता. इतके दिवस त्या मागे लपलेला माणूस शोधत होत्या, कोणाच्या तरी मनातलं काळंबेरं, आणि तिथे कोणी नव्हतंच. मला वाटतं, याचं त्यांना सुटल्यासारखंही वाटलं आणि हे त्यांना जास्त वाईटही वाटलं. ज्याने फसवलं त्याने निदान तुमच्याकडे पाहिलेलं तरी असतं.

आम्ही त्या दिवशी परत आलो नाही. मालनबाईंनी जाऊच दिलं नाही. संध्याकाळी दोघी नदीच्या बाजूला फिरून आल्या. मी घरात सुनेला पोळ्या लाटू लागले होते. त्या काय बोलल्या मला माहीत नाही. आल्या तेव्हा अनुपच्या बाबांवरून काहीतरी चाललं होतं. मालनबाई म्हणत होत्या, "जाऊ दे ना आता," आणि सासूबाई म्हणत होत्या, "जाऊ देते, पण तो खोटं बोलला होता एवढं तं खरं."

अनुपने कंपनीला लिहून दिलं की तिसरं गाणं राहू द्या, बाकीची जुन्या टेपवर होती तशी टाका. कंपनीने मान्य केलं. मान्य करायला फार वेळ नाही लागला, प्रत्यक्षात यायला लागला. पावसाळा लागला, रोवणा झाला, निंदणही झालं, तेव्हा कुठे मेसेज आला, की बदल केले आहेत.

"केले म्हणतेत," सासूबाई म्हणाल्या. "लाव."

त्यांनी हेडफोन घातले, माझ्या फोनवरून पवनीला मालनबाईंना लावलं आणि दोघींनी आपापल्या घरी एकेक गाणं शेवटपर्यंत ऐकलं. प्रत्येक गाण्यानंतर बोलणं. हे बरोबर हाय. हेबी बरोबर हाय. इथं मी जरा चुकली होती, तुले आठवते का? खरखर होती, पण दोघी होत्या. सहाव्या गाण्याला सासूबाईंनी हात वर केला. मालनबाई पुन्हा पत्र्याच्या डब्यात होत्या आणि सासूबाई पुन्हा भिंतीमागे. ते एक गाणं बदलायचं राहिलं होतं.

त्याचा त्यांना इतका आनंद झाला की मी बघतच राहिले. "म्या सांगतलं होतं ना!" त्या फोनवर ओरडल्या. "तपासल्याशिवाय काईच घेऊ नाई!" पलीकडून मालनबाई हसत होत्या.

आता रोज दुपारी एकमेकींना फोन होतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं मात्र तसंच आहे, बोलणं झालं की त्या तो मला परत देतात आणि दार लोटून घेतात. सहावं गाणं अजून बदललेलं नाही. परवा अनुपने अड्याळला येऊन आमच्या ओसरीवरून पुन्हा कंपनीला फोन लावला. टीनाताई ते काम सोडून गेल्या होत्या. कोणी नवे गृहस्थ होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी अगदी पहिल्यापासून सगळं विचारायला सुरुवात केली. गाण्याचं नाव, गायिकेचं नाव, तक्रारीचं स्वरूप.

सासूबाईंनी अनुपच्या हातातून फोन घेतला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "पहिले गाणं आयका. मंग बोलू."